पागेतली शाळा, हवेलीतली शाळा

माझे माहेर भोकरदन तालुक्यातले एक लहान गाव. आमच्या लहानपणी तिथे सातवीपर्यंतच शाळा होती. आठवीसाठी तालुक्याला जावे लागे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, सातवीत वर्गात पहिली आली आणि त्या जूनमध्ये तिचे दप्तर धाकट्या भावाला मिळाले. वडील शिक्षणाच्या विरोधात होते असे मुळीच नाही. ते एवढेच म्हणाले, "एसटी चुकली तर पोरीनं थांबायचं कुठं?" या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हते. माझ्या वेळेपर्यंत आत्याचे बिऱ्हाड भोकरदनला आले होते, म्हणून मी दहावी झाले. लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला आले, मिरचीच्या हंगामात घरचे हिशेब सांभाळत मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली आणि पुढे इतिहासाच्या वाचनाचा नाद लागला तो लागलाच.

हा लेख अक्काच्या आठवीचा आहे, असे म्हटले तरी चालेल. मात्र तो जातो पुण्याला आणि पॅरिसला. मुलींसाठी माध्यमिक शाळा ही गोष्ट पहिल्यांदा उभी करताना लोकांना काय काय लागले, ती कोणत्या भिंतींच्या आत बसली आणि त्या भिंतींच्या आत मुलींना काय शिकायची परवानगी होती, हे मला पाहायचे होते. दोन शाळा मी त्यासाठी निवडल्या. एक पॅरिसमधले लीसे फेनेलाँ, स्थापना १८८३. दुसरी पुण्याची हुजूरपागा, स्थापना १८८४. दोहोंत अंतर एका वर्षाचे. एक जुन्या सरदारी हवेलीत भरली, दुसरी पेशव्यांच्या घोड्यांच्या जागेवर.

आसईवरून पागेकडे

भोकरदन तालुक्यातल्या बाईला फ्रान्सशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आमच्या जालना जिल्ह्यात फ्रेंच हा शब्द येतो तो आसईच्या लढाईमुळे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीची इंग्रज फौज एकमेकींना भिडल्या. शिंद्यांकडे कवायती पायदळाचे कंपू होते. ते महादजी शिंद्यांसाठी उभे केले बनवा द ब्वान्य याने. आपल्याकडच्या पुस्तकांत तो डी बॉयन म्हणून येतो. हा सावॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा. तो प्रांत त्या वेळी फ्रान्सचा नव्हता, १८६० साली कायमचा फ्रान्समध्ये गेला. पण त्याची आणि त्याच्यामागून आलेल्या पेराँची पलटण आपल्या लोकांनी फ्रेंच म्हणूनच लक्षात ठेवली. आसईच्या दिवशी तोफा आणि पायदळ चिवटपणे लढले, घोडदळाने मात्र फारसे काही केले नाही. इंग्रजांचे ४२८ माणूस ठार झाले, तरी मैदान त्यांच्या हाती राहिले.

मराठी राज्याचा मोठा आधार म्हणजे घोडदळ, आणि घोडदळाचे घर म्हणजे पागा. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार; ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. पेशव्यांच्या खास सरकारी घोड्यांची पुण्यातली पागा ती हुजूरपागा. १८१८ साली पेशवाई गेली, घोडे गेले, बारगीर गेले, जागेचे नाव तेवढे राहिले. आसईनंतर ८१ वर्षांनी, १८८४ साली, मुलींचे एक हायस्कूल सुरू झाले आणि ते पुढे याच जागेच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शाळेच्या अधिकृत नावातल्या 'एच. एच. सी. पी.' या आद्याक्षरांत पटवर्धन संस्थानिकांचे नाव आहे, पण पुण्यात कोणालाही विचारा, शाळेचे नाव 'हुजूरपागा'च सांगतील. आसईबद्दल वाचता वाचता मी या पागेपाशी पोहोचले, आणि त्याच सुमाराला पॅरिसमध्ये काय चालले होते हे पाहावे म्हणून फ्रेंचांच्या शाळांकडे वळले.

लीसे म्हणजे काय

फ्रान्समधल्या सरकारी माध्यमिक शाळेला 'लीसे' म्हणतात. ही शाळा नेपोलियनची. १ मे १८०२ च्या कायद्याने ती अस्तित्वात आली. राज्यकारभाराला आणि सैन्याला शिकलेली माणसे हवीत, हा तिचा उघड हेतू. सरकारने ६४०० शिष्यवृत्त्या ठेवल्या; त्यांतल्या २४०० लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. शाळेत गणवेश होता, आणि तास बदलताना घंटेऐवजी ढोल वाजे. १८०८ साली 'बाकालोरेआ' ही शालान्त परीक्षा आली. ती पास झाल्याशिवाय विद्यापीठाचे दार उघडत नसे. आपल्याकडे मॅट्रिकला जे स्थान पुढे आले, तेच तिकडे बाकालोरेआला.

या शाळांना इमारती कुठून मिळाल्या? क्रांतीच्या सुरुवातीलाच, नोव्हेंबर १७८९ मध्ये, फ्रान्समधली चर्चची मालमत्ता राष्ट्राची ठरली होती. मठ रिकामे झाले होते. त्यामुळे पॅरिसच्या नामांकित लीसे पाहिल्या तर जवळपास प्रत्येकीच्या पायाखाली एखादा मठ निघतो. लुई-ल-ग्रां ही शाळा जेझुइटांच्या १५६३ च्या कॉलेजाची वारस. आँरी-कात्र ही सेंट जनव्हिएव्हच्या मठात. काँदोर्से ही कपुचिन साधूंच्या मठात. साधूंच्या ध्यानासाठी बांधलेल्या खांबांच्या ओवऱ्यांत मुले डबा खाऊ लागली. राजवट बदलली की शाळेचे नाव बदले. काँदोर्सेचे नाव बोनापार्त, बूर्बों, पुन्हा बोनापार्त, मग फोंतान असे फिरत फिरत १८८३ साली काँदोर्से झाले. दगड तेच राहिले.

आणि या सगळ्या शाळा फक्त मुलांच्या. १८०२ पासून १८८० पर्यंत फ्रान्समध्ये मुलींसाठी एकही सरकारी लीसे नव्हते. बऱ्या घरच्या मुली जोगिणींच्या मठशाळांत किंवा खासगी वर्गांत शिकत. १८६७ साली शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांनी गावोगावी मुलींसाठी माध्यमिक वर्ग काढायला सांगितले, तेव्हा बिशप द्युपाँलू यांनी त्याविरुद्ध रान उठवले. आईने किंवा सोबतिणीने मुलीबरोबर वर्गात बसायचे, अशी सोय असूनही हे वर्ग बहुतेक ठिकाणी मोडले.

हवेलीत भरलेले लीसे

२१ डिसेंबर १८८० रोजी मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा कायदा झाला. तो मांडणाऱ्या कामीय से या तरुण आमदाराच्या नावानेच तो ओळखला जातो. पहिले लीसे १८८१ साली दक्षिणेतल्या माँपेलिए शहरात निघाले. शिक्षिका कुठून आणायच्या, हा प्रश्न होताच. त्यासाठी त्याच वर्षी सेव्र गावी अध्यापिका घडवणारी उच्च शाळा काढली, आणि ती बसवली चिनी मातीच्या भांड्यांच्या जुन्या सरकारी कारखान्यात. मुलांच्या शाळांना मठ मिळाले होते, मुलींच्या शिक्षिकांना भांड्यांचा कारखाना मिळाला.

पॅरिसला पहिले मुलींचे लीसे १८८३ साली आले. सेनच्या डाव्या तीरावर, लॅटिन क्वार्टर या जुन्या विद्यार्थी-वस्तीत, रू सेंताँद्रे-देझार आणि रू द लेप्रों या अरुंद रस्त्यांच्या कोपऱ्यावर, सतराव्या शतकातल्या एका हवेलीत. फ्रेंच सरदारी हवेली म्हणजे आपल्या वाड्याचीच लांबची बहीण. रस्त्याकडे उंच भिंत आणि दिंडीदरवाजा, आत फरसबंद चौक, चौकापलीकडे दिवाणखाना. बाहेरून आत काय चालले आहे हे दिसत नाही. मुलींच्या शाळेला आईबापांना हेच हवे होते. शाळेला नाव दिले ते फेनेलाँ या बिशपाचे. त्याने १६८७ साली मुलींच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले होते. चर्चच्या हातून मुली सोडवायला निघालेल्या सरकारने आपल्या शाळेला बिशपाचेच नाव द्यावे, यातला सावधपणा ध्यानात घेण्यासारखा आहे. घाबरलेल्या आईबापांना ते नाव ओळखीचे वाटावे, एवढा हेतू त्यात असणारच.

पुढे मुलींच्या लीसेंसाठी खास इमारती झाल्या. पॅरिसला १८८७ साली रासीन, १८८८ साली मोलिएर. उजेडाचे वर्ग, प्रयोगशाळा, खेळायला अंगण. इमारतींवर फ्रेंच सरकारने खर्च केला, यात शंका नाही. प्रश्न होता आत काय शिकवायचे हा.

पुण्याच्या वाड्यांतल्या शाळा

पुण्याला जुन्या वास्तूत शाळा भरवण्याची सवय फ्रान्सइतकीच जुनी. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहायला बांधला. पेशवाई जाऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १८२१ साली, तिथे सरकारी संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले ते मोरोबादादांच्या वाड्यात. भाड्याचे असो वा दिलेले असो, शाळेला पहिले छप्पर वाड्याचेच मिळे. वाड्यात चौक असतो, ओसरी असते, विहीर असते, वर माडी असते. चार वर्ग सहज बसतात. सरदारांची सद्दी संपली तेव्हा वाडे रिकामे पडू लागले, आणि ते रिकामपण मास्तरांच्या पथ्यावर पडले.

फुल्यांची शाळा प्राथमिक होती. त्यानंतर ३६ वर्षे झाली तरी पुण्यात मुलींसाठी मॅट्रिकपर्यंत नेणारी शाळा नव्हती. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला. त्याच वर्षी पुण्यात आलेल्या पंडिता रमाबाईंनी आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड सांगितली. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी संस्था स्थापून सप्टेंबर १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल सुरू केले. सर विल्यम वेडरबर्न यांचा त्यांना पाठिंबा होता, आणि पहिल्या मुख्याध्यापिका हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई होत्या. मुलींसाठी हायस्कूल हवे, या मागणीसाठी गव्हर्नरसमोर हिराबागेत इंग्रजीतून भाषण वाचले ते रमाबाई रानड्यांनी. घरी परतल्यावर घरातल्या बायकांनी त्यांना जे ऐकवले, त्याची हकीकत त्यांच्या आठवणींत आहे. ती ज्यांनी वाचली त्यांना मुलींच्या शाळेचा पहिला विरोध कुठे होता हे वेगळे सांगायला नको.

शाळा हुजूरपागेच्या जागेवर स्थिरावली. आज लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत, लग्नाच्या बस्त्यांच्या दुकानांच्या शेजारी ती उभी आहे. लक्ष्मी रस्ता नंतरचा, पागा आधीची. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा शाळा सुटायची वेळ होती. फाटकातून मुलींचा लोंढा बाहेर पडत होता, रिक्षावाले ओरडत होते, आणि माझ्या मनात उगाच आले की एके काळी याच जागेतून संध्याकाळी घोडे पाण्यावर निघत असतील. शिलेदाराचा स्वतःचा घोडा असतो. बारगिराला सरकारातून मिळतो. घरात शिक्षणाची परंपरा असलेल्या मुलीला शाळा नसती तरी चार अक्षरे येतीच. ज्या मुलीच्या घरी काही नव्हते, तिला घोडा देणारी ही जागा पुन्हा पागाच राहिली.

आत काय शिकवायचे

आता दोन्ही शाळांच्या भिंती ओलांडून वर्गात जाऊ.

१८८० च्या फ्रेंच कायद्याने मुलींसाठी विषयांची यादीच दिली होती. नीतिशास्त्र, फ्रेंच भाषा आणि साहित्य, एक आधुनिक परभाषा, इतिहास, भूगोल, अंकगणित, थोडी भूमिती, पदार्थविज्ञान, रसायन, आरोग्य, घरकारभार, शिवणकाम, थोडा कायदा, चित्रकला, संगीत, व्यायाम. यादी वाईट नाही. आज वाचली तर मुलांच्याही शाळेत असावी असे वाटते. पण तिच्यात लॅटिन आणि ग्रीक नव्हते. बाकालोरेआला लॅटिन लागे. म्हणजे पाच वर्षे सरकारच्या उत्तम इमारतीत शिकून मुलीच्या हाती पडे ते वेगळे प्रशस्तिपत्र, विद्यापीठात नेणारी बाकालोरेआ नव्हे. हे नजरचुकीने झाले नव्हते. ज्या प्रजासत्ताकवाद्यांनी कायदा केला, त्यांना शिकलेल्या पुरुषांच्या शिकलेल्या बायका हव्या होत्या. घरात नवरा प्रजासत्ताकाचा आणि बायको पाद्र्याची, हा तिढा त्यांना सोडवायचा होता. वकिलीण, डॉक्टरीण, प्राध्यापिका घडवणे हा त्यांचा हेतू नव्हता. बाकालोरेआला बायकांना बंदी होती असेही नाही. १८६१ साली ज्युली-व्हिक्तवार दोबिए या बाईने ल्यों येथे ती स्वतःच्या तयारीने दिली आणि पास झाली. दार होते, पण मुलींच्या शाळेचा रस्ता त्या दारापर्यंत जात नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही लीसेंतल्या शिक्षिका मुलींना जादा लॅटिन शिकवून परीक्षेला बसवू लागल्या. मुलींचा आणि मुलांचा अभ्यासक्रम सारखा करणारा हुकूम निघाला तो २५ मार्च १९२४ रोजी. म्हणजे लीसे फेनेलाँ सुरू झाल्यावर ४१ वर्षांनी.

पुण्यात उलटे झाले. १८८३ साली मुंबई विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकून याच विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यामुळे १८८४ साली निघालेल्या हायस्कूलने मुलांच्या हायस्कुलासारखाच इंग्रजी आणि मॅट्रिकचा अभ्यासक्रम धरला. त्यावरूनच वाद पेटला. टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा'तून या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका केली. पूर्ण दिवसाची शाळा, इंग्रजी, मॅट्रिकचे विषय हे मुलींना कशाला, त्यांना घरसंसाराला उपयोगी पडेल ते शिकवावे, असा त्यांचा रोख होता. आगरकरांनी याच्या नेमके उलट मत मांडले: मुलामुलींना शिक्षण एकच द्यावे आणि तेही एकत्र द्यावे. चार वर्षांपूर्वी एकाच शाळेत खांद्याला खांदा लावून शिकवणाऱ्या दोन माणसांची ही मते.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. टिळकांची मते आणि पॅरिसच्या सुधारकांची मते शेजारी ठेवली तर त्यांत वाटते तेवढे अंतर नाही. शिवण, आरोग्य, घरकारभार, नीती हे पॅरिसच्या यादीत आहेच. फरक असा की पॅरिसमध्ये ते मत सुधारकांचे होते आणि कायद्यात उतरले; पुण्यात ते विरोधकांचे होते आणि शाळेच्या फाटकाबाहेर राहिले. आपण मागास आणि युरोप पुढारलेला, अशी एक सरळ रेघ आपण मनात ओढलेली असते. १८८४ साली मुलींच्या परीक्षेपुरती ती रेघ खरी नाही. आणि उलट बाजूने फुगून जाण्याचेही कारण नाही. फ्रान्समध्ये त्या कायद्यामागे सरकारचा खजिना उभा होता, शहराशहरांत लीसे निघत गेले. पुण्यातली ती एक शाळा, आणि तिच्यात येणाऱ्या मुली मूठभर, बहुतेक वरच्या जातींतल्या. फुल्यांनी ज्यांच्यासाठी शाळा काढली होती त्या मुली या फाटकातून आत यायला आणखी बराच काळ गेला.

पुढे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्यांनी मातृभाषा आणि मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम हीच वाट धरली. ती टिळकांची वाट नव्हे. मॅट्रिकच्या इंग्रजीत नापास होऊन घरी बसणाऱ्या शेकडो मुलींना पदवीपर्यंत नेण्याचा तो दुसरा रस्ता होता. तरीही हे नोंदवायला हवे की फ्रान्स वेगळ्या अभ्यासक्रमाकडून सारख्याकडे चालला होता, त्याच वेळी आपण सारख्याच्या शेजारी वेगळा मांडत होतो. मुलींनी काय शिकावे हा प्रश्न त्या काळात कुठेच सुटलेला नव्हता.

थांबायचे कुठे

आणि आता माझ्या वडिलांचा प्रश्न. एसटी चुकली तर पोरीने थांबायचे कुठे?

१८८० च्या फ्रेंच कायद्यात याचे उत्तर अर्धेच आहे. मुलांच्या लीसेंना नेपोलियनच्या काळापासून वसतिगृहे होती. मुलींचे लीसे मात्र मुळात दिवसाची शाळा. गावच्या नगरपालिकेने मागणी केली तर वसतिगृह जोडता येईल, अशी सोय कायद्यात ठेवली. सरकारी वसतिगृहात मुली ठेवणे म्हणजे मठाशी थेट स्पर्धा, ती सरकारला एकदम ओढवून घ्यायची नव्हती. परिणाम असा की ज्या शहरात लीसे, त्या शहरातल्या मुलींना शाळा. खेड्यातल्या मुलींना बऱ्याच ठिकाणी पुन्हा जोगिणींचा मठच.

हुजूरपागेला वसतिगृह होते, आणि माझ्या मते या शाळेच्या इतिहासातली ती सर्वात मोठी गोष्ट. पागेच्या ऐसपैस जागेमुळे ते शक्य झाले. ब्रह्मदेशात नोकरीला असलेल्या करमरकर इंजिनिअरांची मुलगी सातव्या वर्षी तिथे राहायला आली. तिच वर्गात शकुंतला परांजपे भेटली आणि त्या मैत्रीतून रँग्लर परांजप्यांचे घर तिचे घर झाले. ही मुलगी म्हणजे इरावती कर्वे. त्या वसतिगृहात खाट नसती तर ब्रह्मदेशातून पुण्याला शाळेत येण्याचा विचारच कोणी केला नसता. पुढच्या पिढीत शांता शेळके याच शाळेत शिकल्या. मराठी वाचकाला या दोन नावांपुढे आणखी काही सांगायला नको.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबाद शहरात नामपल्लीला मुलींची शाळा १८९० साली निघाली. पण भोकरदनहून हैदराबाद म्हणजे परदेशच. माध्यमिक शिक्षण उर्दूतून, १९१८ चे उस्मानिया विद्यापीठही उर्दूचे. औरंगाबादला १९१५ साली सरस्वती भुवन ही मराठी शाळा लोकांनी काढली, पुढे मुलींसाठी शारदा मंदिर झाले. त्या काळी आमचा भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यातच होता. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे तालुक्यातल्या मुलीला जवळात जवळची मराठी कन्याशाळा औरंगाबादला, आणि तिथे नातेवाईक असेल तरच ती तिच्या कामाची. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगाव चौथीपर्यंत, सातवीपर्यंत शाळा निघाल्या. कुठे मारुतीच्या देवळात, कुठे चावडीत, कुठे पाटलाच्या वाड्याच्या ओसरीवर. पॅरिस आणि पुण्यासारखेच झाले: शाळेला पहिले छप्पर दुसऱ्याचे. मग खोल्या झाल्या. पण सातवी आणि आठवी यांच्यामध्ये जो खड्डा होता, तो खोल्यांनी भरणारा नव्हता. तो अंतराचा होता.

आता मुलींना एसटीचा पास फुकट आहे. मानव विकास मिशनच्या निळ्या बस आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत नेतात आणता. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांत राहून शिकता येते. सकाळी पिंपळगावच्या रस्त्यावर मिरचीच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्या एका बाजूला आणि बसची वाट पाहणाऱ्या मुली दुसऱ्या बाजूला, हे चित्र मी रोज पाहते. बस ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी त्यातल्या किती मुली परत घरी जातात, तेही पाहते.

तीन गोष्टी

या दोन शाळांच्या इतिहासातून माझ्या हाती लागले ते एवढेच. मुलीच्या माध्यमिक शाळेला तीन गोष्टी लागतात: इमारत, परीक्षा आणि मुक्काम. पॅरिसने इमारती दिल्या, परीक्षेला ४१ वर्षे लावली. पुण्याने परीक्षा पहिल्या दिवसापासून दिली, मुक्कामाचीही सोय केली, पण ती थोड्यांसाठी. आमच्याकडे इमारती उशिरा आल्या, परीक्षा सगळ्यांना खुली होती, मुक्काम मात्र नव्हता. तिन्हींतले एक जरी नसेल तरी मुलगी घरीच राहते, आणि मग आपण म्हणतो की तिला शिकायची आवड नव्हती.

शाळांचा इतिहास लिहिताना आपण संस्थापकांची नावे, देणग्यांचे आकडे, कोनशिलेची तारीख लिहितो. ते लिहायलाच हवे. पण प्रत्येक शाळेचा एक दुसराही इतिहास असतो, तिच्या फाटकापर्यंत न पोहोचलेल्या मुलींचा. त्याची नोंद कुठल्याही जनरल रजिस्टरात नसते, कारण रजिस्टरात नाव यायला आधी शाळेत यावे लागते. तो इतिहास घराघरांत सांडलेला आहे आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मागच्या दिवाळीत अक्का आली होती. मी तिला पागेची, हवेलीची गोष्ट सांगितली. घोड्यांच्या जागेवर मुलींची शाळा, हे ऐकून तिला हसू आले. इरावतीबाई सातव्या वर्षी ब्रह्मदेशातून येऊन वसतिगृहात राहिल्या हे सांगितले तेव्हा मात्र ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं पण घोडे नव्हते का गं कोणाचे? त्यांच्या जागेवर बांधलं असतं तरी चाललं असतं." आणि करंजीचे सारण हलवायला उठली.